मावशी, बोगदा आणि भीती

"हल्ली कुठे असतेस गं?"
"ठाण्याला."
"ठाण्याला? मग बरी आहेस ना आता?"

हा विनोद माझ्या एका काकांनी गेल्या तीन वर्षांत चार लग्नांमध्ये केला आहे, आणि चारही वेळा आख्खी पंगत हसली आहे. ठाण्यात शिकणाऱ्या किंवा राहणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकलेला असणार. होस्टेलमध्ये कोणी रात्री दोनला एकटंच बडबडत सर्किट जोडत बसलं तरी बाजूचा म्हणतो, "ह्याला ठाण्याला न्या रे." अरे, आपण ठाण्यातच आहोत!

विनोदाचं मूळ सगळ्यांना माहीत आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षं महाराष्ट्राच्या अर्ध्या भागात 'ठाणे' म्हणजे वेडाचं गाव, जसं पुणेकरांसाठी येरवडा. आता तर त्याच मनोरुग्णालयाच्या जागेच्या काही भागावर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं रेल्वे स्टेशन होऊ घातलंय, म्हणजे विनोद करणाऱ्यांची अजून सोय होणार. पण ह्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि तिचं ब्रीद आहे 'सुदृढ मन सर्वांसाठी'. सर्वांसाठी! वेड्यांसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठी. म्हणजे एका गावात दोन ठाणी आहेत, आणि आपण विनोद फक्त पहिल्यावर करतो.

हे सगळं मला सुचलं ते माझ्या मावशीमुळे. (मी कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागात लिही म्हटल्यावर माझ्याच छातीत धडधड झाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.) मावशीने लिहायची परवानगी दिली आहे, एका अटीवर, की तिचं नाव येणार नाही. म्हणून ती ह्या लेखात फक्त 'मावशी'.

मावशी डोंबिवलीची. फोर्टमध्ये नोकरी. डोंबिवलीहून सीएसएमटीला जायचं तर शहाणा माणूस फास्ट पकडतो. मावशी वर्षानुवर्षं स्लोनेच गेली. रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटं जास्त, संध्याकाळी तेवढीच. आम्हाला वाटायचं, बसायला मिळतं म्हणून जात असेल. खरं कारण होतं पारसिकचा बोगदा.

जे नव्याने आलेत त्यांच्यासाठी सांगते. ठाण्याच्या पलीकडे पारसिकचा डोंगर आहे. स्लो गाडी त्याला वळसा घालून कळवा, मुंब्रा करत दिव्याला जाते. फास्ट गाडी पूर्वी सरळ डोंगराच्या पोटातून जायची. १९१६ साली सुरू झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. गाडी बरी चालली तर जेमतेम दीड मिनिटाचा अंधार.

मावशीच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एकदा गाडी आत थांबली. दिवे गेले, पंखे गेले. गर्दी एवढी की हात वर केला तर खाली घेता येऊ नये. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर बाकीच्या बायकांनी रेल्वेला चार शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी परत तीच गाडी पकडली. मावशीने मात्र दुसऱ्या दिवशी स्लो पकडली. "आजचा दिवस फक्त," असं ती स्वतःला म्हणाली. तो 'आजचा दिवस' पुढे दहा-अकरा वर्षं चालला.

इथे थोडं थांबून मेंदूत काय होतं ते बघू. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग घंटा वाजवतो. विचार करणारा भाग जागा व्हायच्या आधीच ॲड्रेनलिन सुटतं, हृदय धावायला लागतं, स्नायू ताठ होतात, श्वास भराभर चालतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणसाला वाटतं आपण आता मरणार. खरं तर शरीर पळायची तयारी करत असतं. वाघ समोर असेल तर ही यंत्रणा अप्रतिम आहे. पंचाईत एवढीच, की ती बोगद्यालाही वाघ समजू शकते. (एक पथ्य: छातीत असं पहिल्यांदाच झालं तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या, मग मनाकडे वळा.)

ही चुकीची जोडणी शिकवता येते, हे जॉन वॉटसनने १९२० साली दाखवलं, तेही फार दुष्टपणे. अल्बर्ट नावाच्या वर्षभराच्या आतल्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच क्षणी मागे लोखंडी सळईवर हातोडा हाणायचा. काही वेळा असं केल्यावर बाळ नुसत्या उंदराला पाहूनही रडायला लागलं. आजची कुठलीही एथिक्स कमिटी ह्याला परवानगी देणार नाही. चार वर्षांनी, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स हिने उलटा प्रयोग केला. पीटर नावाच्या छोट्या मुलाला सशाची भीती होती. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा. मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. मला वाटतं, वॉटसनचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो आणि जोन्सबाईंचा कोणाला नसतो, हा मोठाच अन्याय आहे. भीती घालणाऱ्याचं नाव झालं, भीती काढणारीचं नाही.

आता प्रत्येक भीती म्हणजे फोबिया नव्हे, हेही सांगायला हवं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना लागून रुळांवर पडले आणि काहींचा जीव गेला. त्यानंतर आमच्या वर्गातला एक कल्याणचा मुलगा दारात उभा राहायला घाबरतो. सगळे त्याला चिडवतात. माझ्या मते ग्रुपमध्ये तो एकटाच शहाणा आहे. खऱ्या धोक्याची योग्य मापाची भीती म्हणजे अक्कल. मराठीत फोबियाला 'भयगंड' म्हणतात, आणि डॉक्टर तो शब्द कधी वापरतात, तर भीती धोक्याच्या मानाने फारच मोठी असते, सहसा सहा महिन्यांहून जास्त टिकते, आणि तिच्यामुळे माणूस आपलं आयुष्य वाकडं करून घेतो. शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. पाल बघून किंचाळणं वेगळं, आणि पाल दिसली म्हणून महिनाभर होस्टेलच्या बाथरूमला न जाणं वेगळं.

मावशीने आयुष्य किती वाकडं केलं होतं ते आम्हाला २०१७ मध्ये कळलं. रविवार होता. आजोबा दादरच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी मामाचा फोन आला, "लगेच ये." मावशी स्टेशनवर गेली, तर कल्याण-ठाणे स्लो लाइनवर मेगाब्लॉक. सगळ्या गाड्या फास्ट ट्रॅकवरून, म्हणजे बोगद्यातून. तिच्यासमोरून तीन गाड्या गेल्या. तिन्ही रिकाम्या होत्या, रविवारच होता ना. मग ती रिक्षा करून शिळफाट्याच्या रस्त्याने निघाली. शिळफाट्याचं ट्रॅफिक मी काय वर्णावं! ती पोचली तेव्हा आजोबा बेशुद्ध झाले होते. ते त्यानंतर शुद्धीवर आले नाहीत.

घरात तिला कोणी काही बोललं नाही. ट्रॅफिक होतं, एवढंच सगळ्यांनी मानलं. तीन गाड्या सोडल्याचं तिने आईला कित्येक वर्षांनी सांगितलं.

ह्यात टाळण्याचं गणित दिसतं. मावशीने पहिल्या दिवशी स्लो पकडली तेव्हा तिला काय मिळालं? सुटका. लगेच, हमखास, फुकट. मेंदूला एवढं बक्षीस पुरतं. तो नोंद करतो, 'बोगदा टाळला म्हणून वाचलो.' बोगद्यात गेलो असतो तरी वाचलोच असतो, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण स्टेप रिस्पॉन्सचा आलेख काढतो ना? इनपुट दिलं की आउटपुट झपकन वर जातं, ओव्हरशूट होतं, मग हळूहळू खाली येऊन स्थिरावतं. भीतीही सहसा तशीच असते. शिखरावर कायम राहत नाही, शरीराला ते परवडतच नाही. पण जो माणूस दर वेळी शिखरावर असतानाच स्विच ऑफ करतो, त्याने सेटलिंग कधी पाहिलेलंच नसतं. त्याचा प्रामाणिक समज असा, की ही रेघ वरवरच जात राहणार.

मग आली गंमत. २०२२ च्या सुरुवातीला ठाणे-दिव्याची पाचवी-सहावी लाइन सुरू झाली आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याकडच्या नव्या मार्गावर आल्या. बोगदा उरला तो लांब पल्ल्याच्या गाड्यांना. शंभर वर्षं लोकल बोगद्यातून गेल्या आणि एका ब्लॉकनंतर जायच्या थांबल्या! आमच्या घरी पेढे आणले. मावशीचा प्रॉब्लेम रेल्वेने सोडवला. ती पहिल्या फास्टने ऑफिसला गेली आणि साहेबांच्या आधी पोचली.

वर्षभर बरं चाललं. मग तिचं ऑफिस सहाव्या मजल्यावर गेलं आणि ती जिने चढायला लागली. "व्यायाम होतो," म्हणाली. मग पाठदुखी सुरू झाली, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, आणि ती त्या मशिनमधून दोनदा बाहेर पळून आली. दुसऱ्या वेळी अंगावरच्या हॉस्पिटलच्या गाऊनसकट रिसेप्शनपर्यंत. घरी येऊन हसत हसत सांगत होती, आणि सांगता सांगता रडायला लागली. "बोगदा गेला ना गं आता? मग हे काय आहे?"

बोगदा गेला होता, भीती गेली नव्हती. रेल्वेने फक्त तिच्या वतीने टाळलं होतं.

काकांचं म्हणणं, ही नाटकं आहेत. आजीचं म्हणणं, दृष्ट काढा. आई म्हणाली, "मन खंबीर कर." हे तिसरं वाक्य सगळ्यांत जास्त ऐकू येतं, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच येतो. कारण ते ऐकायला फार चांगलं वाटतं.

सेकंड इयरला आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकलो. (काही जण अजून शिकत आहेत, केटी लागल्यामुळे. मीही त्यात होते, म्हणून हसायचा हक्क आहे.) त्यात 'रेझिलिअन्स' नावाची एक गोष्ट आहे. स्ट्रेस-स्ट्रेनच्या आलेखात इलास्टिक लिमिटपर्यंत रेघेखालचं जे क्षेत्रफळ, ते त्याचं माप. म्हणजे कायमचं वाकडं न होता वस्तू किती ऊर्जा पोटात घेऊ शकते आणि भार काढल्यावर परत देऊ शकते. काच कडक आहे, पण तिच्यावर हातोडा मारून बघा. स्प्रिंगचं स्टील दबतं, आणि मग परत येतं. 'मन खंबीर कर' म्हणणारा माणूस आपल्याकडे काच मागत असतो. माणसाला पाहिजे असते स्प्रिंग. दबल्याची, घाबरल्याची लाज नसलेली.

पण ही उपमा एका ठिकाणी संपते. स्टीलचा हा गुण कारखान्यातच ठरतो. माणसाचा ठरत नाही, तो वाढवता येतो, आणि एकट्याने क्वचितच वाढतो. एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. त्यातली काही मुलं गरिबी, घरातली भांडणं, दारू, आजारपण अशा चारी बाजूंनी अडचणीत असलेली. सगळ्यांना वाटलं ही वाया जाणार. तरी त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, आत्मविश्वासाची, दुसऱ्याला जीव लावणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे पाठीशी उभं राहणारं निदान एक मोठं माणूस. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. आई-वडीलच असायला हवेत असं नाही. हे वाक्य मी खास आपल्या रेक्टर मॅडम, लॅब असिस्टंट सर आणि मेसमधल्या मावशींसाठी लिहिते आहे. लातूर-जळगावहून आलेल्या फर्स्ट इयरच्या पोरासाठी ते एक मोठं माणूस कदाचित तुम्ही असाल, आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

तर मावशी. आईच्या मैत्रिणीने ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पहिल्या भेटीत मी सोबत होते. मला वाटलं होतं कोच असेल, त्यावर झोपवतील आणि लहानपण विचारतील. त्यांनी एक कोरा कागद दिला आणि शिडी काढायला सांगितली. खालच्या पायरीवर सगळ्यांत कमी भीतीची गोष्ट, वर सगळ्यांत जास्त. प्रत्येकीपुढे शून्य ते दहा आकडा. मावशीची शिडी अशी झाली: बोगद्याचा फोटो बघणं, दोन. मोबाइलवर बोगद्यातल्या गाडीचा व्हिडिओ, तीन. दिवा बंद करून न्हाणीघरात पाच मिनिटं, चार. कोणाबरोबर लिफ्टने एक मजला, पाच. एकटीने सहा मजले, सात. एमआरआय, नऊ. बोगदा, दहा.

नियम दोनच. पायरीवर भीती वाटली तरी ती ओसरायला लागेपर्यंत थांबायचं. आणि पुढची पायरी कधी चढायची ते मावशीने ठरवायचं, दुसऱ्या कोणी नाही.

हा दुसरा नियम होस्टेलच्या भिंतीवर लिहिला पाहिजे. आपल्याकडे 'भीती घालवायची' पद्धत काय? झुरळाला घाबरतो ना, टाक त्याच्या उशीत. लिफ्टला घाबरते ना, ढकला आत आणि दार बंद करा. करणाऱ्याला वाटतं, एक झटका बसला की सुटेल. उलट होतं. भीतीच्या जागी माणसाच्या हातात काहीच नव्हतं, ही आठवण आणखी घट्ट होते. वर मित्रांवरचा विश्वास जातो तो वेगळाच. वॉटसनचा हातोडा आणि जोन्सबाईंचा पिंजरा ह्यात जो फरक आहे, तोच हा फरक.

अजून एक अपवाद सांगते, एनएसएसच्या रक्तदान शिबिरात उपयोगी पडेल. रक्त किंवा सुई बघून काही जण खरोखर चक्कर येऊन पडतात. बाकीच्या भीतीत ब्लड प्रेशर वाढतं, ह्यात आधी वाढून मग धाडकन खाली येतं. म्हणून 'रिलॅक्स हो, अंग सैल सोड' हा सल्ला इथे उलटा पडतो. त्यांनी हात, पाय, पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, परत आवळायचे. प्रेशर टिकून राहतं. ह्यात भित्रेपणा काही नाही, शरीराची ठेवणच तशी.

मावशीचं बघून मला माझी गोष्ट आठवली. माझा बोगदा म्हणजे व्हायवा. समोर एक्स्टर्नल बसले की मला माझा रोल नंबरसुद्धा आठवत नाही. गेल्या वर्षी एका ओरलला मी ओहमचा नियम सांगू शकले नाही. ओहमचा! सर म्हणाले, "पाणी पी." तेव्हापासून मी सेमिनार टाळायचे, ग्रुपमध्ये पीपीटी बनवायचं काम हौसेने अंगावर घ्यायचे म्हणजे बोलायचं दुसऱ्यावर ढकलता येतं. माझी स्लो लोकल.

बाईंनी मला वाचायला अल्बर्ट एलिस सुचवला. हा न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ. १९५५ पासून त्याने विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. मुंबईचे कि. मो. फडके यांनी त्याच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आपल्याकडे रुजवली. अंजली जोशी यांची त्याच्या आयुष्यावर 'मी, अल्बर्ट एलिस' ही मराठी कादंबरी आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घटना आपल्याला घाबरवत नाही, घटनेबद्दल आपण स्वतःला जे सांगतो ते घाबरवतं. 'उत्तर आलं तर बरं होईल' ही इच्छा झाली. 'उत्तर आलंच पाहिजे, नाहीतर मी अगदीच टाकाऊ' ही झाली स्वतःवरची हुकूमशाही. गंमत म्हणजे एलिस स्वतः भयंकर लाजाळू होता. एकोणीस वर्षांचा असताना त्याने ठरवलं, की महिनाभर ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्याशी बोलायचं. शंभर जणींशी तो बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही! पण त्याला कळलं ते हे, की कोणी पोलीस बोलावला नाही, कोणी ओकलं नाही, आणि बोलणं सोपं होत गेलं. (मुलांनो, प्रयोग शिडीचा होता हे लक्षात घ्या. लेडीज होस्टेलच्या गेटवर हा प्रयोग करू नये.)

तो लोकांना एक गृहपाठ द्यायचा: चालत्या मेट्रोत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायची. लोक हसतील? हसू देत. मी ते केलं. लेडीज डब्यात, संध्याकाळी, ठाण्याहून निघालेल्या स्लोमध्ये. तोंडाला कोरड, कानशिलं गरम, आणि मी ओरडले, "कळवा!" काय झालं असेल? काहीच नाही. कोथिंबीर निवडणाऱ्या काकूंनी वरही बघितलं नाही. मुंब्र्याला ओरडले तेव्हा एक बाई दचकून उठली, "अगंबाई, थँक्यू हं," म्हणाली आणि उतरली. तिची झोप लागली होती.

पुढच्या व्हायवाला मी सगळी उत्तरं दिली का? नाही. सातातली चार. पण रोल नंबर आठवला.

एक गोष्ट मात्र शिडीवर चढवू नका. कोणी जेवण-झोप सोडून दिवसचे दिवस अंथरुणात पडून असेल, 'मी नसलेलोच बरा' असं हसत किंवा न हसत बोलत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला लेख वाचायला देऊ नका. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि मोठ्या माणसाला सांगा. 'आत्महत्येचा विचार येतो का' असं विचारल्याने विचार येत नाही, उलट मन हलकं होतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत, फुकट. दारावर चिकटवून ठेवा. आणि ऑफिसच्या माहितीसाठी: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आपल्या होस्टेलचेच विद्यार्थी मोजले तरी शंभराच्या वर जातात. मी मोजले.

मावशीला शिडी चढायला पाच महिने लागले. मध्ये ती दोन पायऱ्या घसरलीसुद्धा. ऑफिसची लिफ्ट एकदा दोन मिनिटं अडकली आणि पुढचे आठ दिवस परत जिने. बाई म्हणाल्या, असं होतंच. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी लिहिली जाते, आणि थकवा आला, ताण आला, की खालची अक्षरं दिसायला लागतात. मग परत लिहायचं. एमआरआय तिने तिसऱ्या वेळी पूर्ण केला. पस्तीस मिनिटं. आत पूर्ण वेळ मनात पाढे म्हणत होती, एकोणतीसचा येत नाही म्हणून तिथे अडकली होती म्हणे.

शेवटची पायरी उरली, आणि तिथे वेगळीच अडचण. लोकल आता बोगद्यातून जात नाही! इतकी वर्षं जो टाळला, तो गाठायला एक्स्प्रेसचं तिकीट काढावं लागलं. एका शनिवारी आम्ही दोघी कल्याणला जाऊन मुंबईकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये चढलो. ठाण्यापर्यंत. टीसीने तिकीट बघितलं आणि एवढ्याशा अंतराला एक्स्प्रेस कशाला, अशा नजरेने आमच्याकडे बघितलं. दिवा गेलं. मावशीने माझं मनगट धरलं. डोंगर जवळ आला.

"किती?" मी विचारलं.

"नऊ."

अंधार झाला. चाकांचा आवाज एकदम अंगावर आला. डब्यातले दिवे चालू होते, समोर एक आजोबा शेंगा खात होते. मी घड्याळ बघत होते आणि मावशी आजोबांकडे बघत होती. डोळे मिटायचे नाहीत, असं बाईंनी सांगितलं होतं. अर्ध्यात मी परत विचारलं. "आठ." मग काही न विचारता ती म्हणाली, "सात." आणि लख्ख उजेड झाला.

ठाण्याला उतरल्यावर आम्ही स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव खाल्ला. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. मावशीने शेवटचा घास संपवला, हात पुसले आणि विचारलं, "परत कल्याणला जाणारी एक्स्प्रेस किती वाजता आहे गं? सातवर सोडायचं नाही म्हणाल्या होत्या बाई."